चार आणि साडेतीन विसा

दोन्ही खोक्यांतून एकच वस्तू निघाली, तेव्हा टेबलावरचा गलका थांबला.

आधी मोगेन्सचं खोकं उघडलं होतं. आत काळे, गुबगुबीत गाद्यांचे, बिनवायरचे हेडफोन. आस्टा "अगं बाई!" म्हणाली आणि तिच्या थोरल्या लेकानं, मोगेन्सनं, खुर्चीत मागे रेलून सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली. मग लोनेनं, धाकटीनं, आपलं खोकं पुढे सरकवलं. सरकवतानाच तिचा चेहरा उतरला होता, कारण कागद फाडायच्या आधीच खोक्याचा आकार तिच्या लक्षात आला होता.

"तेच," आस्टा म्हणाली.

"तेच," लोने म्हणाली. "दादा, मी तुला फेब्रुवारीत सांगितलं होतं."

"तू म्हणालीस, आईला काहीतरी कानाचं घेतेय. मला वाटलं कर्णफुलं असतील."

"ऐंशीव्या वाढदिवसाला कर्णफुलं?"

"मग ऐंशीव्या वर्षी काय बायकांचे कान गळून पडतात?"

"छान झालं की," लोनेचा नवरा टोर्लाइफ म्हणाला. तो मूळचा बर्गनचा. भांडण विझवायला विनोद पुरतो अशी त्या नॉर्वेच्या माणसाची समजूत होती आणि बारा वर्षं या घरात काढूनही ती टिकून होती. "सासूबाईंना कान दोन, हेडफोनही दोन."

"एकेका कानाचे नसतात ते," मोगेन्स म्हणाला. "मोजायचं काम तू करू नकोस, टोर्लाइफ. खुर्च्या आठवतात ना?"

 खुर्च्या सगळ्यांनाच आठवत होत्या. विगोच्या, म्हणजे सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला, पन्नास खुर्च्या आणायला पाठवलेला हा गडी सत्तर खुर्च्या घेऊन आला होता. वीस खुर्च्या दिवसभर अंगणात उलट्या पडून राहिल्या आणि त्या दिवसापासून या घरात त्याची ओळखच तेवढी उरली.

"आता भांडू नका," मोगेन्सची बायको बोडिल कॉफीचे कप मांडत म्हणाली. "सव्वादोन झालेत. साडेतीनला पाहुणे येतील. आणि तीन वाजता सिग्ने."

ते नाव निघालं तसा मोगेन्सनं खोक्याचा पुठ्ठा हातात घेतला आणि नीट घडी घालायला लागला.

सिग्ने मधली. ती ग्रीनलंडला, नूकला असते. मासळी मोजणाऱ्या सरकारी बोटीवर काम करते. दोन वर्षांपूर्वी विगो गेला तेव्हा ती शेवटच्या दिवसांत आली नाही. आली ती थेट अंत्यविधीला. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसली आणि दुसऱ्या दिवशीच्या विमानानं परत गेली. त्यानंतर नाताळला दोन कार्डं, बस. आणि आता गेल्या आठवड्यात लोनेला तिच्याकडून चार ओळी आल्या होत्या: आईच्या वाढदिवशी तुमच्या तीन वाजता कॉम्प्युटरवर बोलेन. आईशी एकटीशी बोलायचंय. तुमच्या साडेतीनला आमची बोट सुटते, मग सहा आठवडे मी समुद्रावर.

"अर्धा तास," मोगेन्स पुठ्ठ्याकडे बघत म्हणाला. "बाबांना तेवढाही दिला नाही. आईला निदान अर्धा तास मिळाला."

"दादा, आज नको."

"मी कुठे काय म्हणतोय? घड्याळ बघून म्हणतोय."

बाहेर अंगणातल्या काठीवर, घरात वाढदिवस असला की लावतात तो डेन्मार्कचा झेंडा फडफडत होता. बोडिलनं सकाळी आठलाच चढवला होता. आस्टा खिडकीतून त्याच्याकडे बघत बसली. ओठांचे आकार तिला कळत होते; शब्द अर्धेमुर्धे येत होते. मोगेन्स सिग्नेबद्दल काहीतरी लागट बोलला आणि लोनेनं त्याला अडवलं, एवढं तिनं चेहऱ्यांवरून वाचलं होतं. बाकीचं नेहमीसारखं धुक्यात होतं.

*

आस्टाला कमी ऐकू येतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं. किती कमी, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

सहा वर्षं झाली असतील. आधी ‘स’ गेला, मग ‘फ’, मग शब्दांच्या शेवटचे ‘त’. माणसं बोलायची आणि तिच्यापर्यंत नुसते स्वर यायचे, हाडं काढलेल्या माशासारखे मऊ. सरकारनं दिलेली कानातली यंत्रं शिवणाच्या खणात, बटणांच्या डबीशेजारी पडून होती. ती शिट्ट्या मारतात, असं ती सांगायची. खरं कारण असं की येलिंग गावच्या शाळेत चाळीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला, गावातल्या निम्म्या लोकांचे पाढे ज्या बाईनं घेतले त्या बाईला, "काय म्हणालास?" असं विचारणं जमत नव्हतं. त्यापेक्षा मान हलवणं सोपं. समोरच्याचे डोळे बघायचे, तो हसला की हसायचं, थांबला की "हो, हो, छान" म्हणायचं.

आणि मौज अशी की हीच मान तिनं वर्गात कधी चालू दिली नव्हती. नव्या वर्गाला पहिल्या दिवशी ती फळ्यावर एकही आकडा लिहायची नाही. फक्त सांगायची, "माझ्या वर्गात एकच नियम. ज्याला ऐकू आलं नाही किंवा कळलं नाही, त्यानं हात वर करायचा. एकदा करा, दहादा करा. मी दहादा सांगेन, आणि हसणाऱ्याला बाहेर काढेन. पण न कळता मान हलवलीत, तर मी तुम्हाला मदत करू शकत नाही." मुलं हात वर करायची. तिची स्वतःची मुलंही तिच्याच वर्गात शिकली. सिग्नेचा हात तर इतक्यांदा वर असायचा, की विगो म्हणायचा, ही पोरगी छताला टेकू देते.

"आई!" मोगेन्स तिच्यासमोर हेडफोन धरून उभा होता. मोठ्यानं, तोंड भरून बोलत होता. "घालून बघ! माझे! हे मी घरी चालवून बघितलेत!"

त्यानं बटण दाबलं आणि ते तिच्या डोक्यावर बसवले. गाद्या कानांवर मऊ टेकल्या.

आणि एक माणूस तिच्या डोक्याच्या आत बोलायला लागला.

आस्टा ताठ बसली. त्या माणसाचा एकेक शब्द कडक इस्त्री केल्यासारखा येत होता. ‘स’ होता. ‘फ’ होता. वाक्याच्या शेवटचा ‘त’ टक् करून वाजत होता. सहा वर्षांत असं काही तिला ऐकू आलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

"काय येतंय, आई?" लोनेनं हातानं विचारलं.

"पाहुण्या संघाला कॉर्नर मिळालाय," आस्टा सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आणि आपला गोलकीपर आडवा पडलाय."

सगळ्यांनी मोगेन्सकडे पाहिलं. मोगेन्सनं कोटाच्या खिशावर हात ठेवला.

"मोगेन्स," बोडिल म्हणाली. "आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला तुझ्या खिशात मॅच चालू आहे?"

"आवाज बंद होता."

"होता खरा. आता आईच्या कानात आहे."

"शू!" आस्टानं बोट वर केलं. "कॉर्नर घेतायत."

*

विगोच्या खोलीतल्या कॉम्प्युटरपुढे टोर्लाइफ बसला, शेजारी आस्टा. खिडकीतून समोरचं चर्च दिसत होतं आणि त्याच्या अंगणातला काचेत ठेवलेला तो हजार वर्षांचा कोरीव दगड.

"सासूबाई, आता गंमत अशी आहे," टोर्लाइफ तिच्याकडे तोंड करून, सावकाश म्हणाला. ही एक गोष्ट त्याला चांगली जमायची. तो नॉर्वेचा असल्यामुळे डॅनिश बोलताना प्रत्येक शब्द स्वच्छ सुटा करायचा, आणि आस्टाला आख्ख्या घरात त्याचंच बोलणं सगळ्यात जास्त कळायचं. "या हेडफोनची ओळख मोगेन्सच्या फोनशी झालीय. सुरू केले की ते आधी त्यालाच शोधतात. तो सापडला की दुसऱ्या कुणाकडे बघत नाहीत. म्हणून मी त्या फोनला सांगितलं, यांना विसर. आता बटण दाबून धरायचं, निळा दिवा भराभर लुकलुकेपर्यंत. लुकलुकतोय म्हणजे ते विचारतायत, माझ्याशी कोण मैत्री करणार?"

"पहिलीतल्या मुलासारखं," आस्टा म्हणाली. ती खुशीत होती. कोणीतरी तिला काहीतरी शिकवत होतं आणि नीट शिकवत होतं. "पहिल्या दिवशी शेजारच्याचा हात धरतं, ते जूनपर्यंत सोडत नाही."

"अगदी तसंच. आणि हे सगळं चालतं तुमच्या राजाच्या दातावर." त्यानं खिडकीबाहेरच्या दगडाकडे मान वळवली. "हाराल्ड ब्लूटूथ, निळ्या दाताचा हाराल्ड, ज्यानं तो दगड उभा केला. त्यानं माणसं जोडली, म्हणून याला त्याचं नाव."

"माणसं जोडली," आस्टा म्हणाली. "पण त्याचा स्वतःचा मुलगा त्याच्यावर तलवार घेऊन उठला. तेही शिकवायचे मी."

दारात मोगेन्स येऊन उभा राहिला. त्याच्या हातात लोनेचं खोकं होतं.

"जमतंय का? दहा मिनिटं राहिलीत."

"जमतंय," टोर्लाइफ म्हणाला.

"मी तोवर लोनेचे बघतो. नुसते दिसायला सारखे आहेत की आवाजही सारखाय." आणि लोनेचे हेडफोन खोक्यातून काढून डोक्यावर चढवत तो स्वयंपाकघरात गेला. केकवर छोटे कागदी झेंडे लावायचं काम बोडिलनं त्याला शिक्षा म्हणून दिलं होतं. जाताजाता त्यानं हेडफोनचं बटण दाबलं. कोरे हेडफोन पहिल्यांदा सुरू झाले की आपणहून लुकलुकायला लागतात. तेही लुकलुकायला लागले.

पडद्यावरच्या यादीत एकाऐवजी दोन नावं आली. कंपनीचं नाव सारखं, प्रकार सारखा. फक्त शेवटचे दोन आकडे निराळे. एक ५४, एक ७४.

"सासूबाई, पट्ट्याच्या आतल्या बाजूला बारीक नंबर असेल. शेवटचे दोन आकडे काय आहेत?"

आस्टानं चष्मा कपाळावरून खाली ओढला, पट्टा खिडकीकडे धरला आणि वर्गातल्या खणखणीत आवाजात वाचलं, "चार आणि हाल्फ्येर्स!"

टोर्लाइफचं बोट यादीवर अडलं.

बारा वर्षांत तो इथला राय नावाच्या धान्याचा काळा आंबूस पाव खायला शिकला होता, केव्हा गप्प बसायचं ते शिकला होता, पण इथले आकडे त्याच्या डोक्यात शिरले नव्हते. नॉर्वेत सत्तर म्हणजे सत्तर. इथे विसांच्या हिशेबानं मोजतात, तेही अर्ध्यामुर्ध्या: पन्नास म्हणजे अडीच विसा, सत्तर म्हणजे साडेतीन विसा. त्यांची नावं ‘हाल्ट्रेस’ आणि ‘हाल्फ्येर्स’. म्हणणारे ती अशी गिळून म्हणतात की परक्याच्या कानाला शेवटचा ‘स’ तेवढा लागतो. खुर्च्यांच्या वेळी हेच झालं होतं.

चार आणि अडीच विसा? की चार आणि साडेतीन विसा?

विचारायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं, "परत सांगता का?" पण दार उघडं होतं, स्वयंपाकघर तिथून दहा पावलांवर, आणि मोगेन्सला हे ऐकू गेलं असतं तर रात्रीच्या जेवणापर्यंत खुर्च्याच खुर्च्या झाल्या असत्या. टोर्लाइफनं मान हलवली.

"हो, हो," तो म्हणाला, आणि ५४ वर टिचकी मारली.

पडद्यावर अक्षरं आली: जोडले गेले.

*

तीन वाजता सिग्नेचा चेहरा आला.

लोनेनं दोन्ही हात हलवले, आईच्या डोक्यावरचे हेडफोन सरळ केले, टोर्लाइफला बाहेर ढकललं आणि दार लोटून घेतलं. ते नेहमीप्रमाणे वीतभर उघडं राहिलं. विगो असल्यापासून ते तसंच होतं.

आस्टा एकटी राहिली. समोर तिची मुलगी. केस आखूड कापले होते, कानांजवळ पांढरे झाले होते. मागे हुकाला लटकवलेला केशरी रेनकोट. सिग्नेचे ओठ हलले.

काही ऐकू आलं नाही.

अजून आवाज सुरू व्हायचा असेल, असं आस्टाला वाटलं. ती हसली. सिग्नेही हसली, मग परत बोलायला लागली. आता बराच वेळ. आस्टा वाट बघत होती त्या ‘स’ची, त्या टक् वाजणाऱ्या ‘त’ची. कानात नुसती गादीची ऊब होती.

मग तिच्या मनात भलतंच आलं. मघाचा तो मॅचमधला माणूस ओरडून बोलत होता. सिग्ने हळू बोलते, लहानपणापासून. म्हणजे आता या यंत्रातूनही आपल्याला माणसाचं साधं बोलणं येत नाही. संपलं.

टोर्लाइफला हाक मारावी? मारली तर मोगेन्स येणार, लोने येणार, तुझे की माझे सुरू होणार, आणि घड्याळात तीन वाजून चार मिनिटं झाली होती. पोरगी दोन वर्षांनी समोर आली होती आणि बोलत होती. तिला मध्येच तोडायचं?

आस्टानं मान हलवली. "हो, हो," ती म्हणाली.

*

स्वयंपाकघरात मोगेन्सनं केकवर अकरावा झेंडा खोचायला घेतला आणि त्याच्या कानात त्याची बहीण म्हणाली, "आई, ऐकू येतंय ना?"

त्याच्या हातातून झेंडा सायीत पडला.

"एकटी आहेस ना? दादा नाही ना तिथे?"

मोगेन्सनं हेडफोन काढायला हात वर नेला. तो चांगल्या घरातला, पंचावन्न वर्षांचा, चर्चच्या मंडळात बसणारा माणूस होता. दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकणाऱ्यांतला नव्हता. पण ‘दादा नाही ना’ असं म्हटल्यावर कुठला दादा हेडफोन काढेल? हात तिथेच राहिला.

"मागे भांडी वाजतायत का?" सिग्ने म्हणाली. "असू दे. आई, मला पटकन बोलू दे, नाहीतर धीर होणार नाही. तुला तो बुधवार आठवतोय? मी बंदरावरून फोन केला होता. वारा होता. मी विचारलं, आई, बाबांचं खरं काय ते सांग. मी उद्या गुरुवारच्या विमानानं येऊ का, की ईस्टरला आले तरी चालेल? आणि तू म्हणालीस, ‘हो, हो, ईस्टर, छान.’ मी दोनदा विचारलं. दोनदा तू छान म्हणालीस."

मोगेन्स हळूच ओट्याला टेकला.

"मी तिकीट रद्द केलं. रविवारी बाबा गेले. दादानं फोनवर विचारलं, आता आठवण झाली का? मी काही बोलले नाही. तुझं नाव कसं सांगणार त्याला? तो आधीच रडत होता."

स्वयंपाकघराच्या दारातून खोलीचं वीतभर उघडं दार दिसत होतं, आणि त्या फटीतून आईचं डोकं, हेडफोन घातलेलं. ते वरखाली हलत होतं. शांतपणे, प्रेमानं, एका लयीत.

"दोन वर्षं मी एकच विचार करतेय, आई. तू मला का थांबवलंस? इतरांपुढे विचारणार नव्हते, म्हणून एकटी म्हटलं." सिग्नेचा आवाज कापला. "खरं सांग. रागवणार नाही मी. तुला मी तिथे नको होते का?"

फटीतून आईचं डोकं हललं. वर, खाली, वर.

"हो, हो," आस्टाचा आवाज दोन दारांतून आला, गोड आणि समजूतदार. "हो, बाळ."

"नाही!" मोगेन्स ओरडला.

पडद्यावर सिग्ने दचकून मागे सरली. समोर तिची आई हसत मान हलवत होती आणि तिच्या तोंडून थोरल्या भावाचा आवाज आला होता.

"नाही, नाही! सिग्ने, थांब! उठू नकोस तिथून! तिला ऐकूच येत नाहीये!"

"दादा? तू... तू कुठे आहेस?"

"केकपाशी!"

*

मोगेन्स खोलीत शिरला तेव्हा त्याच्या कोपरापर्यंत साय लागली होती आणि डोक्यावर लोनेचे हेडफोन होते. त्याच्या मागून लोने, बोडिल, टोर्लाइफ. आस्टानं एका कानावरची गादी उचलली.

"काय झालं? कोण पडलं?"

"आई," मोगेन्स गुडघ्यांवर बसून, तोंडासमोर तोंड आणून म्हणाला, "सिग्ने आत्ता काय म्हणाली?"

"ती..." आस्टानं पडद्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. "बरी आहे म्हणाली. कामाचं सांगत होती."

"आई. आवाज तुझ्या कानात नव्हताच. माझ्या कानात होता. बाबा जायच्या आधीच्या त्या बुधवारच्या फोनचं विचारत होती ती, आणि तुला एक शब्द आला नाही. तू पंधरा मिनिटं कशाला मान हलवत होतीस?"

 लोनेनं तोंडावर हात ठेवला. टोर्लाइफ पडद्यापाशी वाकला होता. यादीत ५४ शेजारी हिरवा ठिपका होता. त्यानं आस्टाच्या डोक्यावरच्या पट्ट्याच्या आत डोकावून पाहिलं.

"माझी चूक," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "सासूबाई, तुम्ही सत्तरचं म्हणालात. मी पन्नासचं धरलं. मला कळलं नव्हतं. परत विचारायला हवं होतं, पण खुर्च्यांची लाज वाटली. मी नुसती मान हलवली."

आस्टा त्याच्याकडे बघत राहिली. हे सगळं तिला नीट ऐकू आलं होतं, त्याचे सुटे सुटे शब्द.

"तूही?" ती म्हणाली.

त्या एका शब्दावर मोगेन्सनं डोळे मिटून घेतले. ‘ही’ कुणासाठी होतं ते त्याला कळलं. बुधवारचं बंदर, वारा, आणि टेलिफोन कानाला लावून छान छान म्हणणारी आई, हे सगळं त्याला एकदम दिसलं. खुर्च्यांचा विनोद त्याच्या जिभेवर आला असता, तर तो त्यानं गिळला असता. पण तो आलाच नाही.

"सिग्ने," तो हेडफोनच्या माइकच्या बारीक भोकात बोलला, जवळजवळ कुजबुजत. "मी दोन वर्षं तुझ्याबद्दल जे बोललो, ते तुझी बोट परत आली की सगळं सांगतो तुला. शिव्या तेव्हा दे. आता मी हे बंद करतोय. आईच्या कानात येतेस ना?"

"येते," सिग्ने म्हणाली. ती रडत होती आणि रडता रडता हसायलाही लागली होती. "दादा, तुझ्या नाकाला साय लागलीय."

मोगेन्सनं नाकाकडे हात नेला. "थांब," बोडिल म्हणाली, आणि स्वतःच पुसली.

मोगेन्सनं हेडफोन बंद केले. टोर्लाइफनं यादीतल्या ७४ वर बोट ठेवलं, पण दाबायच्या आधी तो वळला. "चार आणि साडेतीन विसा. बरोबर, सासूबाई?"

"शाबास," आस्टा म्हणाली.

कानात एक हलकीशी टिंग वाजली. मग सगळे पाय न वाजवता बाहेर गेले. मोगेन्सनं दार ओढलं, ते वीतभर परत उघडलं, तेव्हा तो त्याला पाठ लावूनच उभा राहिला. अंगणात पहिली गाडी येऊन थांबली होती. "त्यांना सांग," तो बोडिलला हळूच म्हणाला, "अजून थोडा वेळ बाहेरच झेंडा बघा म्हणावं."

*

"आई?" सिग्ने म्हणाली. "मी सिग्ने."

‘स’ आला. सहा वर्षांनी तिच्या लेकीचं नाव पुढच्या अक्षरासकट तिच्या कानात आलं. तिच्या मागे कुठेतरी समुद्रपक्षी ओरडत होते, तेही आले. नाक ओढल्याचा आवाजही आला.

आस्टाला बोलायचं होतं. काय बोलायचं ते तिला माहीत होतं, पण चाळीस वर्षांच्या शिक्षिकेच्या तोऱ्यानं आणि सहा वर्षांच्या सवयीनं मान परत हलायला निघाली. तिनं ती थांबवली. दोन्ही हात टेबलावर ठेवले. मग उजवा हात वर केला, कोपर सरळ, बोटं जुळवून, छताकडे.

सिग्ने बघत राहिली. तीन वर्षं ती त्या वर्गात बसली होती, दुसऱ्या रांगेत, खिडकीजवळ. तिनं डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि त्या वर्गातल्या आवाजात म्हणाली, "हं, आस्टा. काय झालं?"

"मला ऐकू आलं नाही," आस्टा म्हणाली. हात अजून वर होता. "आजचं नाही, आणि त्या बुधवारचंही नाही. वारा होता आणि मला काहीच ऐकू आलं नाही, आणि मी हो म्हणाले. परत सांग. पहिल्यापासून, सावकाश."

घड्याळात तीन वाजून एकवीस मिनिटं झाली होती. सिग्नेनं एक लांब श्वास घेतला. तोही आस्टाला ऐकू आला.

"आई," ती सुटं सुटं म्हणाली, "मी गुरुवारच्या विमानानं येऊ का?"

"ये," आस्टा म्हणाली.